घरातून पहिल्यांदाच कुणी एमए, एमएस्सी किंवा पीएचडीला जात असेल तर

ऊसतोडीला जाणाऱ्या, एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या घरांतली मुलंमुली आता पदव्युत्तर वर्गात आणि पीएचडीला पोचतायत. प्रवेश मिळेपर्यंत गुण साथ देतात. त्यानंतर मात्र अशा गोष्टींशी गाठ पडते ज्या कुठल्याच माहितीपत्रकात छापलेल्या नसतात. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) कसा असतो, गाईडशी किती मोकळं बोलायचं, शिष्यवृत्ती उशिरा आली तर तोवर काय खायचं. शेजारच्या बाकावरच्या प्राध्यापकाच्या मुलीला यातलं निम्मं घरी जेवताजेवता कळलेलं असतं. त्यात तिचं काही चुकलेलं नाही आणि तुमचंही नाही. तुम्हाला ते विचारून, आणि शक्य तिथे कागदावर आणून, मिळवावं लागणार आहे, एवढाच फरक.

खालची माहिती पुण्याला शिकायला येणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे. खोलीभाड्याचे आकडे सोडले तर कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईतही बहुतेक सगळं असंच चालतं.

गाव सोडण्याआधी: कागदांची फाईल

हे काम जूनच्या आधी उरकायचं. एकदा शहरात आलात की एका दाखल्यासाठी तालुक्याला जायचं म्हणजे दोन दिवस आणि हजारभर रुपये गेले. फाईलमध्ये हे हवं:

१. दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. हे जुन्या विद्यापीठाकडून यायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागला की लगेच अर्ज टाका.

२. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. पडताळणीला महिने लागतात. बारावीला किंवा पदवीला करून घेतलं नसेल तर आज अर्ज करा, आणि तोवर अर्जाची पोच फाईलमध्ये ठेवा.

३. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून दरवर्षी एप्रिलनंतर नवा काढावा लागतो.

४. ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असाल तर नॉन-क्रिमीलेयर दाखला. इथे हमखास एक चूक होते: राज्याचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. यूजीसी-नेट (विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी, आयसर यांना केंद्राचा नमुना लागतो. राज्याचा दाखला नेला तर मुलाखतीच्या दिवशी आरक्षण नाकारलं जाऊ शकतं. दोन्ही काढून ठेवा.

५. वय व अधिवास प्रमाणपत्र, रेशनकार्ड, आधार. मध्ये एखादं वर्ष शिक्षण सुटलं असेल, कामाला गेला असाल, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

सगळे कागद मांडून त्यांवरचं नाव एकदा बारकाईने वाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'दन्यानेश्वर' आणि बँकेत वडिलांचं नावच नाही, असं असेल तर पुढे ऑनलाइन अर्ज तिथेच अडतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानायची आणि बाकी कागद तिच्याप्रमाणे करून घ्यायचे. मूळ कागदांची प्रत्येकी एक स्वच्छ पीडीएफ करा, २५६ केबीच्या आत बसवा, स्वतःलाच ईमेल करून ठेवा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, याहून मोठी फाईल चढत नाही, आणि शेवटच्या तारखेच्या रात्री सायबर कॅफेत फाईल लहान करत बसणं म्हणजे अर्ज हुकण्याची तयारी.

आई किंवा वडील बांधकामावर असतील तर आणखी एक. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेल्या कामगारांच्या मुलांना शिक्षणासाठी अर्थसाहाय्य मिळतं. नोंदणीला ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो आणि ती चालू असावी लागते. नोंद केली आणि नूतनीकरण राहून गेलं, म्हणून पैसे हुकलेली घरं पुष्कळ आहेत. सोलापूर, सिन्नर, संगमनेरकडे आई विडी वळत असेल तर केंद्रीय श्रम मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असते. वर्गात या योजनांचं नाव कुणी काढत नाही, कारण सांगणाऱ्यांच्या घरात त्या लागूच नसतात.

पहिले तीन महिने पैसा कसा पुरवायचा

मंजूर झालेली शिष्यवृत्ती आणि हातात आलेली शिष्यवृत्ती यांत पाच-सहा महिने सहज जातात, कधी वर्षही जातं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचा खर्च शिष्यवृत्ती येणारच नाही असं धरून मांडायचा.

पुण्यात विद्यापीठाच्या आसपास कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एक खाट भाड्याने) राहायला महिना साधारण चार ते साडेसहा हजार, वर एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट. दोन वेळच्या मेसला तीन ते चार हजार. चहा-नाश्ता, पीएमपीचा पास, मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स धरून आणखी दोन हजार. म्हणजे महिन्याला नऊ ते साडेबारा हजार, आणि पहिल्या महिन्यात डिपॉझिट धरून तेरा ते पंचवीस. वसतिगृह मिळालं तर हा आकडा बराच खाली येतो, म्हणून वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी करायचा. यादी दोनदा-तीनदा लागते, दुसऱ्या यादीपर्यंत धीर धरा.

मेस लावताना भाजीची चव बघण्याआधी खाड्याचा नियम विचारा. सलग किती दिवस नसलं तर खाडा धरतात? किती दिवस आधी सांगावं लागतं? बऱ्याच मेसमध्ये सलग तीन दिवसांहून कमी खाडा धरत नाहीत. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याचे महिन्याला आठ दिवसांचे पैसे असेच बुडतात. अशा माणसाने महिन्याची मेस न लावता कूपन घेतलेलं परवडतं. विद्यापीठाच्या आवारात रिफेक्टरी आहे, तिथला दर आधी बघून घ्या.

वसतिगृह न मिळालेली मुलं मित्राच्या खोलीत चोरून राहतात. पुण्यात त्याला 'पॅरासाइट' म्हणतात. पंधरा दिवस ठीक आहे. वर्षभर तसं राहिलात तर तपासणीच्या धास्तीत अभ्यास होत नाही, राहण्याचा पुरावा मिळत नाही, आणि त्या पुराव्याअभावी निर्वाहभत्त्याचा अर्जही करता येत नाही. वाचलेल्या भाड्यापेक्षा गेलेला भत्ता मोठा असतो.

तो भत्ता कोणता, ते बघू. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, ओबीसी-भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे; तुमचा अभ्यासक्रम तिच्यात बसतो का ते आधी बघा. सगळ्यांना उत्पन्नाची, गुणांची, हजेरीची अट असते. हजेरीकडे लक्ष ठेवा. कामाला गेल्यामुळे हजेरी कमी पडली आणि हजेरी कमी पडल्यामुळे भत्ता अडकला, की पुन्हा कामाला जावं लागतं.

काम करावंच लागत असेल तर आठवड्याला पंधरा तासांच्या वर जाऊ देऊ नका. विद्यापीठातली कमवा व शिका योजना सगळ्यात सोयीची. पैसे थोडे, पण काम आवारातच असतं आणि परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मागता येते. ही पद्धत कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेतून रुजवली. तिच्यात खाली बघण्यासारखं काही नाही. अकरावी-बारावीच्या शिकवण्या तासाला जास्त देतात. रात्रीची डिलिव्हरी टाळता आली तर टाळा, कारण दुसऱ्या दिवशीचं सकाळचं लेक्चर तिच्यातच जातं.

महाडीबीटीचा अर्ज कुठे अडतो

अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं वाटतं आणि तिथेच चुकतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या, मग मंजुरी, मग पैसे. कुठल्याही टप्प्यावर तो 'त्रुटी' लावून परत येऊ शकतो. परत आल्याचा निरोप कधी येतो, कधी येत नाही. म्हणून दर सोमवारी लॉगिन करून स्थिती बघायची. परत आलेला अर्ज ठरलेल्या मुदतीत दुरुस्त केला नाही तर तो वर्षापुरता गेला.

दुसऱ्या वर्षी नवा अर्ज टाकायचा नाही, नूतनीकरणाचा टाकायचा. घाईत पुन्हा नवा भरणारे दरवर्षी सापडतात.

पैसे मंजूर दिसतात पण खात्यात नाहीत, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असतं. हे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलंय तिथे जातात. कधीकाळी सिम कार्ड घेताना उघडलेलं, तुम्ही विसरून गेलेलं पेमेंट्स बँकेचं खातंही ते असू शकतं. माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' स्थिती बघा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्या आणि आठवड्याने पुन्हा तपासा.

फी भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात एकच प्रश्न विचारा: "महाडीबीटीचा अर्ज करणाऱ्याकडून आधी किती रक्कम घेता, आणि शासनाकडून पैसे आल्यावर ती परत कधी मिळते?" उत्तर तोंडी मिळेल. ते लेखी मागा, किंवा निदान पावतीवर 'शिष्यवृत्तीपात्र' असं लिहून घ्या.

विभागात पहिला पंधरवडा

कार्यालयात अर्ज देताना दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन आपल्याकडे. ही पोच. लेखनिक म्हणतील, "ठेवून जा, होऊन जाईल." हसतमुखाने म्हणायचं, "साहेब, पोच द्या ना, घरी दाखवायचीय." आणि शिक्का बसेपर्यंत उभं राहायचं. पुढे वसतिगृह, फेलोशिप, मुदतवाढ, तक्रार, कशातही कागद हरवला तर जबाबदारी कुणाची हे तो शिक्का ठरवतो. लेखनिक आणि शिपाई यांच्याशी नीट ओळख ठेवा. फाईल कुठल्या टेबलावर आहे हे प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

पहिल्याच आठवड्यात श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) गणित समजून घ्या. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण ८८ श्रेयांकांचं आहे, सत्राला २२. त्यात संशोधन पद्धती आहे, पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. ट्रेनिंगची जागा बऱ्याचदा विद्यार्थ्यालाच शोधावी लागते. ज्यांचे काका कंपनीत आहेत त्यांना ती एका फोनवर मिळते. तुम्ही सत्राच्या सुरुवातीलाच विभागातल्या समन्वयकांना भेटून आदल्या वर्षीची मुलं कुठे गेली त्याची यादी मागा, आणि दिवाळीआधी तीन-चार ठिकाणी लेखी विचारणा करून ठेवा.

ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या दिवशी. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयासारख्या ठिकाणी पुस्तकांइतकाच उपयोग बसायच्या जागेचा आहे. बाहेरच्या अभ्यासिकेला महिन्याला हजारभर मोजावे लागतात. तिथल्या साहाय्यकांना एवढंच विचारा: "घरून जर्नल वाचायला इन्फेडचं लॉगिन कसं मिळेल?" (इन्फेड म्हणजे आवाराबाहेरून जर्नल्स उघडून देणारी लॉगिन सेवा.) जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी विद्यापीठं आणि शासकीय महाविद्यालयांना तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली आहेत. एकेका लेखाला दोन-तीन हजार मागणारी संकेतस्थळं बघून घाबरून जायचं कारण नाही.

इंग्रजी लेख वाचायचा कसा

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इथे सगळ्यात जास्त खचतो. वीस पानांचा लेख, पहिल्या पानावर चौदा शब्द अडतात, प्रत्येकाला शब्दकोश उघडला जातो, तिसऱ्या पानावर दोन तास झालेले असतात आणि पहिल्या पानावर काय होतं ते आठवत नाही. मग मनात येतं, 'हे आपलं काम नव्हे.' चूक इतकीच असते की लेख कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलेला असतो.

असं करून बघा. पहिली पंधरा मिनिटं फक्त सारांश, उपशीर्षकं, तक्ते आणि शेवटचे दोन परिच्छेद. शब्दकोश बंद. मग वहीत मराठीत एक वाक्य लिहायचं: हा लेख काय सांगतोय? चुकलं तरी चालेल, पण लिहायचंच. दुसऱ्या खेपेला प्रस्तावना आणि निष्कर्ष पूर्ण, पाऊण तास. आता पुन्हापुन्हा येणारे शब्दच अधोरेखित करायचे, जास्तीत जास्त दहा. ते त्या विषयाचे पारिभाषिक शब्द असतात. प्रत्येक विषयात असे दीडदोनशेच शब्द खरे कामाचे. तिसरी खेप ज्या भागाची गरज आहे तेवढ्याचीच. पहिल्या महिन्यात एका लेखाला पाच तास लागतील. सत्र संपेपर्यंत ते दोनवर येतात, कारण त्याच शब्दांची ओळख झालेली असते.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही आंतरजालावर फुकट आहेत. संकल्पना आधी मराठीत पक्की करून मग इंग्रजी लेखाकडे गेलात तर अर्धं ओझं उतरतं. सामाजिक शास्त्रांत आणि भाषांमध्ये बऱ्याच विद्यापीठांत उत्तरपत्रिका आणि प्रबंधही मराठीत लिहिता येतो. विभागात विचारून घ्या.

टिपणं काढताना दोन नियम मोडू नका. प्रत्येक टिपणापुढे पान क्रमांक. आणि जशीच्या तशी उतरवलेली ओळ अवतरणचिन्हात. सहा महिन्यांनी वहीतलं वाक्य तुमचं की लेखकाचं हे तुम्हालाच ओळखू येत नाही, आणि वाङ्मयचौर्य बहुतेक असंच होतं, हेतू नसताना. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावा लागतो, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. इंग्रजी परिच्छेदाचा मराठी अनुवाद करून आपला म्हणून दिला तर तीही चोरीच. सॉफ्टवेअरला सापडली नाही तरी परीक्षकाला सापडते. संदर्भांची यादी हाताने करू नका. झोटेरो नावाची फुकट प्रणाली आहे, एका दुपारी शिकून होते.

टायपिंग युनिकोडमध्येच शिका. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखकाकडून करून घेतलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की सगळी अक्षरं विस्कटतात, ना शोधता येतो ना तपासता येतो, आणि पानामागे पैसे पुन्हा मोजावे लागतात. रोज अर्धा तास सराव केला तर महिन्याभरात हात बसतो.

शिक्षकांशी बोलणं

ज्या घरात मोठ्यांना उलटा प्रश्न विचारणं उद्धटपणा समजतात, तिथून आलेल्याला चर्चासत्रात बोलणं जड जातं. इथे मात्र गप्प बसलेल्याचा अर्थ 'वाचून आला नाही' असा लावला जातो. उपाय साधा आहे: प्रत्येक तासाला एक प्रश्न आधी कागदावर लिहून न्या आणि पहिल्या वीस मिनिटांत विचारून टाका. नंतर इतरांचं ऐकून धीर कमी होत जातो. 'न' आणि 'ण' वरून कुणी हसलं तर हसू द्या. तुमचं म्हणणं त्या उच्चाराने कच्चं होत नाही, आणि श्रेयांक उच्चारांना मिळत नाहीत.

मदत मागायची तर नुसतं "सर, काही कळत नाही" म्हणून भागत नाही. शिक्षकाला कुठून सुरुवात करावी ते समजत नाही. असं लिहा:

"नमस्कार सर. मी एमए भाग एक, अर्थशास्त्र, हजेरी क्रमांक २३. शेतमजुरीच्या दरांवरचा लेख वाचला. दुसऱ्या तक्त्यात वास्तव वेतन काढताना कोणता किंमत निर्देशांक धरलाय, तिथे अडलो आहे. गुरुवारी दुपारी २ ते ४ मध्ये दहा मिनिटं भेटता येईल का?"

कोण, काय वाचलं, नेमकं कुठे अडलं, किती वेळ हवा. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करून द्या. त्यात आगाऊपणा नाही. आणि लाल शाईने भरलेला निबंध परत आला तर तो अपमान समजू नका. ज्या शिक्षकाने इतकं लिहिलं त्याने वेळ दिलाय. नुसतं 'ठीक' लिहून परत केलेल्या निबंधातून काहीच शिकायला मिळत नाही.

पीएचडीला जाताना

जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीचा प्रवेशही होतो. फक्त पीएचडीसाठी किंवा साहाय्यक प्राध्यापकपदासह पीएचडीसाठी पात्र ठरलात तर ते गुण प्रवेशाला एक वर्षच चालतात, आणि निवडीत नेटला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. म्हणजे निकालाच्या दिवसापासून विद्यापीठांच्या जाहिरातींवर डोळा ठेवायचा.

गाईड निवडताना विषयाइतकाच माणूस बघा. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. नोंदणी करण्याआधी त्यांच्याकडच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: प्रकरण दिल्यावर वाचून परत द्यायला किती दिवस लावतात? आतापर्यंत किती जणांची पीएचडी झाली आणि किती वर्षांत? घरची कामं सांगतात का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा थांबून मग उत्तर द्यायला लागला तर दुसरा गाईड शोधा. बँकेची कामं, मुलांच्या शिकवण्या, लग्नाच्या पत्रिका वाटणं हे संशोधन नव्हे. कष्टकरी घरातल्या मुलाला ही कामं पटकन सांगितली जातात, कारण तो नाही म्हणणार नाही असं धरलेलं असतं. सुरुवातीलाच "सर, त्या वेळी ग्रंथालयात डेटाचं काम ठरलंय" असं नम्रपणे दोनदा म्हटलं तर बहुतेक वेळा तिसऱ्यांदा विचारणा होत नाही.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीची मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. दोन वर्षांची वाढ मिळू शकते, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं आणि त्यात ५५ टक्के हवेत. आता हे जेआरएफशी, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपशी, जुळवून बघा. फेलोशिप पाचच वर्षं असते: पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे प्रगतीचं मूल्यमापन झाल्यावर ४२,००० (हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे), वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. प्रबंध सहाव्या वर्षावर गेला तर ते वर्ष बिनपैशाचं. म्हणून तिसऱ्या वर्षाअखेर निम्मी प्रकरणं कच्ची का होईना लिहून झालेली हवीत.

जेआरएफ नसेल तर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) आहेत, शिवाय केंद्राच्या राष्ट्रीय फेलोशिपही. जाहिरात ठरल्या महिन्यात येतेच असं नाही, म्हणून नोंदणीपत्र, कोर्सवर्कचा निकाल आणि गाईडच्या सहीचा अहवाल नेहमी तयार ठेवा. एका वेळी दोन फेलोशिप किंवा फेलोशिप आणि पगार घेतलात तर नंतर वसुली निघते. दर महिन्याची हजेरी आणि सहामाही प्रगती अहवाल वेळेत पुढे गेला की नाही हे स्वतः तपासा. पैसे थांबण्याचं कारण अनेकदा दिल्लीत नसतं, विभागातल्या टेबलावर न झालेल्या एका सहीत असतं.

कुणी हिणवलं किंवा मन खचलं तर

"कोट्यातून आलायस ना?" हा प्रश्न कधी उघड येतो, कधी आडनाव विचारण्यातून. त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, शब्द आणि कोण हजर होतं ते वहीत लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवता येतं, पण नोंद नंतर करता येत नाही. प्रत्येक विद्यापीठात अनुसूचित जाती-जमाती कक्ष, समान संधी केंद्र, विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लैंगिक छळाविरोधात अंतर्गत समिती असते. तिथेही दोन प्रती आणि पोच. एकट्याने जाण्यापेक्षा एखादा वरिष्ठ विद्यार्थी बरोबर न्या.

झोप उडाली, जेवण जाईना, खोलीबाहेर पडावंसं वाटेना आणि हे दोन आठवडे चाललं, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि खोलीतल्या सोबत्याला उठवून सांगा.

घर

घरच्यांना पीएचडी म्हणजे काय हे कळत नाही, यात त्यांचा दोष नाही. "अजून किती शिकणार?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा "पैसे कधी सुरू होणार?" एवढंच असतं, आणि तो विचारायचा त्यांना हक्क आहे. त्याला तारखेनं उत्तर द्या. दिवाळीला घरी गेलात की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर परीक्षेचे आठवडे, सिनॉप्सिसची तारीख, शिष्यवृत्ती अपेक्षित असलेला महिना पेनाने गोल करून ठेवा. आईला वाचता येत नसलं तरी गोल दिसतो. त्या दिवसांत बस्त्याला, कापणीला किंवा कुणाच्या दवाखान्याला तुम्हाला बोलवायचं की दुसऱ्या कुणाला, हे घर ठरवू शकतं.

अधिछात्रवृत्ती बऱ्याचदा थकबाकीसकट एकरकमी येते. खात्यात दीड-दोन लाख दिसले की गावाकडून मागणी येते, आणि आपल्यालाही नाही म्हणवत नाही. क्रम आधीच ठरवून ठेवा. पहिल्यांदा मेसवाल्या काकांचं आणि मित्रांचं उसनं. मग तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात, ज्याचं कार्ड खिशात नाही. मग लॅपटॉप, फील्डवर्क, छपाई यांची तजवीज. उरलेल्यातून घरी. आणि घरी सांगताना पूर्ण रक्कम सांगा, ती किती महिन्यांची आहे तेही सांगा, आणि पुढचा हप्ता अमुक महिन्याच्या आत येईल असं धरू नका, हेही.